लॉगबुकातला अर्धा शब्द

संशय हा माझा जुना आजार. आई म्हणायची, "ह्याच्या म्होरं दूध ठेवला तरी हा आदी वास घेईल." मामूंनी मला कतारात दुखानला आणून तेलकंपनीच्या पॉवर हाउसमध्ये कारकून म्हणून चिकटवलं, तेव्हा त्यांनी साहेबाला माझा हाच गुण सांगितला असणार. स्टोअरची यादी आणि इंजिनाचं लॉगबुक अशी दोन्ही कामं माझ्याकडे आली. लॉगबुक म्हणजे इंजिनाची रोजनिशी. किती वाजता सुरू झालं, किती तापलं, कोणी काय सांगितलं, सगळं वेळेसकट लिहायचं. मामूंची ताकीद एकच होती. "ऐकशील तां लिव. मनातला कायव लिवू नको."

मी आलो तेव्हा पन्नास साल होऊन थोडीच वर्षं झाली होती. पत्र्याच्या बराकी, पाइप आणि खारट वारा, एवढंच दुखान. साठ साल उलटलं तोवर साहेब लोकांच्या बंगल्यांत हवा थंड करणारी यंत्रं बसली आणि वीज पुरेना, म्हणून स्वीडनहून एक मोठं डिझेल इंजिन मागवलं गेलं. त्याच्याबरोबर दोन माणसं आली. एक स्वीडिश इंजिनियर, पन्नाशीचा, उंच, उन्हात टोमॅटोसारखा लाल होणारा. दुसरा तिशीचा फिटर, फिनलंडचा, रुंद खांद्याचा. आम्हाला वाटलं, एकाच गावचे दिसतात. दोघांचेही केस सुतळीच्या रंगाचे.

स्वीडिश साहेब प्रत्येक गोष्टीला आभार मानायचा. त्यांच्या भाषेत आभाराला "ताक" म्हणतात. आमच्या मेसचा खानसामा दापोलीकडचा. पहिल्या दिवशी त्यानं चहाचा कप पुढं ठेवला, तर साहेब म्हणाला, "ताक, ताक." खानसाम्यानं डब्याच्या दुधाचं दही लावलं, दुसऱ्या दिवशी ते घुसळून मीठ घालून पेलाभर नेऊन दिलं. साहेब प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "ताक." खानसाम्यानं दुसरा पेला भरला. हे तीन दिवस चाललं. तेव्हापासून त्याचं नाव ताकसाहेब.

फिनिश फिटर कशालाच आभार मानत नसे. चहा ठेवला की कपाकडे बघायचा, म्हणायचा, "नो नीन," आणि घ्यायचा. मला हे फार खटकलं. "नो" म्हणतो आणि पितो! हत्यारं दिली, "नो नीन". बोल्ट बसला, "नो नीन". बोल्ट तुटला, तरी तेच. मी खानसाम्याला म्हणालो, हा माणूस सरळ नाही. बाकी तो बोलतच नसे, म्हणून बराकीत सगळे त्याला मुका म्हणू लागले.

महिन्याभरात एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ताकसाहेब सुरुवातीला त्याच्याशी स्वीडिशमध्ये बोलायचा, मुका मान हलवून मोडक्या इंग्रजीत म्हणायचा, "समजत नाही." मग साहेबानं नाद सोडला. सगळे निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. साहेब मला इंग्रजीत सांगणार, मी जाऊन मुक्याला इंग्रजीत सांगणार. शेजारच्या दोन मुलुखांतली ही माणसं, आणि मध्ये निरोप्या कोण, तर रत्नागिरीचा मी.

एकदा मी ताकसाहेबाला विचारलं, तुम्ही तर शेजारी, मग भाषा कशी कळत नाही?

"त्याला कळते," साहेब म्हणाला. "त्यांच्या शाळेत शिकवतात. आमचं राज्य होतं तिथं, शेकडो वर्षं. त्यांच्यातल्या मोठ्या लोकांची भाषा आमचीच होती. तो मुद्दाम बोलत नाही." मग म्हणाला, "त्यांच्या भाषेत 'प्लीज'ला शब्दसुद्धा नाही. महायुद्धात आम्ही त्यांची हजारो पोरं आमच्या घरांत सांभाळली. एक शब्द नाही आभाराचा."

मी मान डोलावली, पण 'प्लीज'चं मला काही वाटलं नाही. आमच्या घरी तरी कुठं आहे? भाकरी वाढल्यावर मी आईला "आभारी आहे" म्हणालो असतो, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण "मुद्दाम" हा शब्द मात्र माझ्या मनात रुतला. भाषा येते आणि लपवतो, म्हणजे काहीतरी असणारच. दुसऱ्या कंपनीचा हेर असेल. साहेब आपल्याच भाषेत स्वतःशी पुटपुटत काम करतो, ते ऐकून घेत असेल. मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागलो.

पुरावा मला स्टोअरमध्ये सापडला. बोल्ट मोजून द्यायचे असले की मोजणारा माणूस ओठांतल्या ओठांत मोजतोच. ताकसाहेब मोजायचा, "एत, त्वो, त्रे, फ्यूरा, फेम." ते ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. एका सकाळी मुका खोक्यावर वाकून बोल्ट मोजत होता आणि मी यादीत डोकं घालून बसलो होतो. माझ्या कानावर आलं, "एत, त्वो, त्रे." मी मान वर केली नाही. माणूस चार भाषा बोलेल, पण मोजतो तो लहानपणीच्या भाषेत. मी स्वतः इंग्रजीत यादी लिहितो, मशिदीत अरबी म्हणतो, बाजारात हिंदी, पण बोल्ट मोजताना एक, दोन, तीन. म्हणजे हा माणूस स्वीडिश नुसती शाळेत शिकलेला नव्हता. त्याचं लहानपणच तिथलं होतं.

मी ते ताकसाहेबाला सांगितलं नाही. का, ते सांगतो. माझ्या खोलीत साताऱ्याकडचा एक ड्राफ्ट्समन राहायचा, स्वभावानं चांगला. पहिल्या दिवशी माझ्याशी दोन वाक्यं बोलला आणि डोळे मोठे करून म्हणाला, "अरे वा, तुम्ही मराठी फार छान बोलता हो! कुठं शिकलात?" माझ्या आजोबांच्या आजोबांपासून घरात मराठी. मी कुठं शिकणार? त्याच्या मनात वाईट नव्हतं, कौतुकच होतं. पण त्या कौतुकाचा मला असा संताप आला की त्यानंतर आठवडाभर मी त्याच्याशी हिंदीत बोललो. तेव्हा भाषा येत असून लपवणं ही काय चीज आहे, ते मला थोडं ठाऊक होतं. तरी संशय होताच. मी ठरवलं, आधी त्यालाच गाठायचं.

शुक्रवारी सुट्टी. मुका पंपाच्या धक्क्यावर गळ टाकून बसायचा. आम्ही खाडीकाठची माणसं, मला राहवलं नाही, मीही गळ घेऊन शेजारी बसलो. तासाभरात दोघांना मिळून तीन मासे लागले. मग मी मासे मोजल्यासारखं सहज म्हणालो, "एत, त्वो, त्रे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उचलून पाण्यात टाकतो. पण तो म्हणाला, "नो नीन," आणि गळ गुंडाळून बाजूला ठेवला.

मग तो बोलला. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून. महायुद्धाच्या वर्षांत तो सहा वर्षांचा होता. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून त्याला बोटीत बसवलं आणि स्वीडनला पाठवलं. तिथं एका घरात तो चार वर्षं राहिला. माणसं चांगली होती. "तेच वाईट झालं," तो म्हणाला. त्या बाईला तो आई म्हणू लागला. लढाई संपल्यावर परत पाठवला, तेव्हा त्याला स्वतःची भाषा येत नव्हती. बंदरावर त्याची खरी आई उभी होती. ती बोलत राहिली आणि हा नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी ती गप्प झाली, त्याची पेटी उचलली आणि म्हणाली, "नो नीन." सगळ्यांत हा एक शब्द त्याला ओळखीचा वाटला. तो धरून तो तिच्या मागे चालत गेला.

"त्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"सगळा," तो म्हणाला. "चला. झालं. आता बघ. संपलं. ये. बस."

मी म्हणालो, आमच्याकडे असा एक शब्द आहे, बरं. येतानाही बरं, जातानाही बरं, रागावलो तरी बरं. आमच्या गावात म्हणतात बरां. तो दोनदा "बरां, बरां" म्हणाला.

परत गेल्यावर त्याच्या गावातली पोरं त्याला स्वीडिश म्हणून मारायची. तेव्हापासून त्यानं ती भाषा पेटीत घालून ठेवली होती. मी म्हणालो, पण साहेबाशी दोन शब्द बोललात तर बिघडेल काय? त्याचं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. "तो खूश होईल. म्हणेल, किती छान बोलतोस, कुठं शिकलास? मला त्याला खूश करायचं नाही."

ड्राफ्ट्समनशी आठवडाभर हिंदीत बोललेला मी, मला ते लगेच कळलं. पण संशय असा लगेच जात नाही. परत येताना मनात आलंच की, गोष्ट फारच जुळून आलेली आहे, कशावरून खरी?

त्यानंतर दोन आठवड्यांनी इंजिनाची चाचणी होती. हे इंजिन समुद्राच्या पाण्यानं थंड व्हायचं, आणि पाणी ओढणारा पंप धक्क्यावर, पॉवर हाउसपासून तीनशे पावलांवर. धक्क्यावर पंपापाशी मुका, इंजिनापाशी ताकसाहेब, आणि मधल्या टेबलावर टेलिफोन कानाला लावून, लॉगबुक उघडून मी. सकाळी दहाला इंजिन सुरू झालं. आवाज असा की स्वतःचा विचार ऐकू येईना. अर्धा तास सगळं सुरळीत चाललं. मग उष्णतेचा काटा वर सरकायला लागला.

ताकसाहेब माझ्याकडे वळून ओरडला, "त्याला विचारा, बंद करू का? येस ऑर नो?"

मी फोनमध्ये ओरडलो, "बंद करायचं का? येस ऑर नो?"

तिकडून आवाज आला, "नो नीन." आणि फोन आपटल्याचा आवाज.

मी दोन्ही शब्द ऐकले. आज सांगतो, दोन्ही ऐकले. धक्क्यावर बसून त्या शब्दाचा अर्थ मी स्वतः विचारून घेतला होता, त्यात नकार कुठंच नव्हता. पण साहेब समोर हात हलवत उभा, येस की नो, येस की नो, आणि माझ्या हातात त्या दोनांतला एक शब्द आयता पडला होता. मी ओरडलो, "नो, सर!" आणि लिहिलं: दहा चाळीस, बंद करू का, उत्तर नो.

ताकसाहेबानं इंजिन चालू ठेवलं. हे मला नंतर फार लागलं. एरवी ज्याच्याबद्दल साहेबाच्या मनात अढी होती, त्याच्या कामातल्या शब्दावर मात्र त्यानं डोळे झाकून विश्वास ठेवला. दोन मिनिटांत धाडकन आवाज झाला आणि इंजिन अडकलं. तेवढ्यात मुका धावत आला, कोपरापर्यंत ओला, मुठीत शेवाळ. पंपाचं तोंड शेवाळानं बुजलं होतं. तो ते हातानं उपसायला धावला होता.

कोणाला इजा झाली नाही, पण इंजिन गेलं. पुढच्या दोन दिवसांत बराकीत दोन पक्ष झाले. एक म्हणे, मुक्यानं मुद्दाम केलं, स्वीडिश यंत्राची नाचक्की करायला. दुसरा म्हणे, साहेबानं स्वतःची चूक त्याच्यावर ढकलली. आणि मी? माझ्यातल्या संशयी माणसानं पहिला पक्ष धरला, कारण त्यात माझी सुटका होती. मी स्वतःला पटवत राहिलो की त्यानं खरंच "नो" म्हटलं असेल, "नीन" हा फोनचा खरखराट असेल. ड्राफ्ट्समननं माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि म्हणाला, "अहो, तुम्ही तर चक्क ध चा मा केलात! सांगून टाका साहेबाला." मी म्हणालो, "आणि माझी नोकरी गेली तर माझी बायकापोरं काय तुम्ही पोसणार?"

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिघांना बोलावलं. मॅनेजर इंग्रज, समोर माझं लॉगबुक उघडं. त्यानं फिटरला विचारलं, "तू नो म्हणालास?"

"मी म्हणालो, नो नीन."

"तेच इथं लिहिलंय. नो."

ताकसाहेबाचा चेहरा एकदम बदलला. त्यांच्या गावच्या कारखान्यात फिनलंडचे कामगार असतात, तो शब्द त्यानं शंभरदा ऐकला होता. तो माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही काय ऐकलंत? नो, की नो नीन?"

खोलीत पंखा फिरत होता. फिटर माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. मामूंचं वाक्य मला आठवलं आणि मी त्याचा ढालीसारखा उपयोग केला. म्हणालो, "साहेब, जे ऐकलं ते लिहिलं."

खोटं म्हणाल तर पूर्ण खोटं नाही. खरं तर मुळीच नाही.

मॅनेजरनं वही मिटली. तेव्हा फिटर ताकसाहेबाकडे वळला आणि बोलायला लागला. स्वीडिशमध्ये. अडखळत नाही, तोलून नाही, पाण्यासारखं. त्या मुक्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ताकसाहेब खुर्चीत मागे टेकला होता, तो पुढं झाला, मग त्यानं चष्मा काढला. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि मला खात्री होती की तो माझंच नाव सांगतोय. तो कारकून खोटं बोलतोय, मी त्याला अर्थ सांगितला होता, असंच.

निकाल त्याच दिवशी लागला. फिटरला परत पाठवायचं. संध्याकाळी ताकसाहेब माझ्या टेबलापाशी आला. मी उभा राहिलो, कसल्याही वाक्याला तयार होतो. तो म्हणाला, "त्यानं काय सांगितलं, ते तुम्हाला कळलं पाहिजे. तो म्हणाला, पाणी थांबलेलं दिसलं आणि माझ्या तोंडून आईचा शब्द आला. घाबरल्यावर दुसरी भाषा येत नाही. कारकुनाचा दोष नाही, त्याला घरदार आहे. भाषा मला येत होती, ती मी तुझ्यापासून लपवली, म्हणून तुला मध्ये माणूस ठेवावा लागला. दोष माझा." साहेब थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. "माझ्या मावशीच्या गावचा हेल आहे हो त्याचा. माझ्या तोंडावर आलं होतं, किती छान बोलतोस. तर तोच म्हणाला, ते तेवढं म्हणू नकोस."

मी साहेबाला तेव्हाही सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. मला लाज वाटत होती आणि मला नोकरी हवी होती, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी होती.

दोन दिवसांनी सकाळी तो स्टोअरमध्ये आला. हत्यारं परत केल्याची माझी सही घेतल्याशिवाय कोणाला जाता येत नसे. त्यानं एकेक पाना टेबलावर ठेवला, मोठ्यानं मोजत. यावेळी "एत, त्वो" नाही, त्याच्या आईच्या भाषेत. "उक्सी, काक्सी, कोल्मे." मी सही केली. कागद घडी करून त्यानं खिशात घातला, आणि गेला नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मग लहान मुलाला शिकवावं तसं, सावकाश, दोन्ही तुकडे सुटे करून म्हणाला, "नो. नीन."

आणि थांबला. मी बोलेपर्यंत तो जाणार नव्हता, हे मला कळलं. "नो," मी म्हणालो. तो थांबूनच राहिला. "नीन," मी म्हणालो.

"येस," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाहेर दोह्याला जाणारी गाडी उभी होती, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता.

गाडी गेल्यावर मी कपाटातून लॉगबुक काढलं आणि ते पान उघडलं. दहा चाळीस. उत्तर, नो. त्या शब्दापुढं बरीच कोरी जागा होती, आणखी एक शब्द सहज मावला असता, तेव्हाही मावला असता. मी पेन उघडलं आणि तिथं "नीन" लिहिलं. शाई वेगळी होती, कोणीही ओळखलं असतं. मी वही तशीच उघडी टेबलावर ठेवली आणि वाट बघत बसलो, की कोणीतरी येऊन विचारेल. वही पुढं संपली, दुसरी आली, त्या खुर्चीत माझे केस पिकले. ते पान कोणी उलटून पाहिलं नाही.